मेव्हण्याबरोबर सुटलेली माणसं

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, स्वयंपाकघराचा धूर जिथून बाहेर पडतो त्याला लागून असलेल्या खोलीत दयेच्या अर्जांचा विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, भिंतभर लोखंडी कपाटं, एक किटली आणि माफीबाई. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यांपासून वरच्या मजल्यावरच्या सचिवांपर्यंत सगळे त्यांना माफीबाईच म्हणत. एखादा नवखा चुकून तोंडावर म्हणून जायचा आणि जीभ चावायचा. बाई म्हणायच्या, "असू दे. इथे त्याहून वाईट नावं मिळालेली माणसं आहेत."

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. देशभरच्या तुरुंगांतून येणारे अर्ज वाचायचे, त्यातलं खरंखोटं तपासायचं आणि आपलं मत लिहून वर पाठवायचं. वरून ते परत यायचे. 'नामंजूर'चा शिक्का मारून मारून इतका झिजला होता की त्यातला 'ना' एकदा उमटलाच नाही, आणि एका भुरट्या चोराला तुरुंगवाल्यांनी जवळजवळ घरी पोचवलं होतं. तेव्हापासून नवा शिक्का आला होता. 'मंजूर'चा मात्र जुनाच होता आणि डबीत कोरा करकरीत पडून होता.

माफी कुणालाच मिळत नव्हती असं नाही. पण मिळायची ती बाईंच्या टेबलाला वळसा घालून, वरच्या वर. हॉटेलातल्या वेटरचा जबडा मोडणारा मुष्टियोद्धा स्पर्धेच्या तोंडावर सुटला होता. बिस्किटांच्या कारखानदाराचा मुलगा बापानं पक्षाला नवी इमारत बांधून दिल्यावर सुटला होता. राष्ट्राध्यक्षांच्या मनात दया दाटून यायची ती साधारण निवडणुकीच्या आसपास, आणि जिकडे मतं कमी पडत असत तिकडच्याच माणसांबद्दल. बाईंना हे इतकी वर्षं दिसत होतं की त्यांना राग यायचा बंद झाला होता. त्या आपलं मत तितक्याच मन लावून लिहीत आणि किटली चढवत.

त्या सोमवारी सकाळी दारात राजकीय सल्लागार उभा राहिला तेव्हा बाईंना आधी वाटलं, तो रस्ता चुकला असणार. वरच्या मजल्यावरचं माणूस इकडे कधी फिरकत नसे. सल्लागार पस्तिशीचा, काटकुळा, दोन फोन बाळगणारा गृहस्थ होता. बोलताना तो एका फोनकडे बघायचा आणि ऐकताना दुसऱ्याकडे.

"बाई, तुमच्याकडे चांगल्या केसेस असतील ना?" तो म्हणाला.

"चांगल्या म्हणजे कशा?"

"डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. गुन्हा लहान, शिक्षा मोठी, अशा. चार पुरेत. एखादी म्हातारी मिळाली तर बहारच."

बाईंनी दोन कपांत चहा ओतला. "म्हाताऱ्या आहेत, तरण्या आहेत, कपाटं भरून आहेत. पण आज आमची आठवण कशी झाली?"

"राष्ट्राध्यक्षांना वाटतंय की समाजात दयाभाव वाढीला लागायला हवा."

"हं. आणि पाचवा कोण?"

"पाचवा?"

"चार माझे. पाचवा तुमचा कोण, ते विचारतेय."

सल्लागारानं पहिल्या फोनकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोघांनीही मदत केली नाही. "मेव्हणेसाहेब," तो हळूच म्हणाला.

राष्ट्राध्यक्षांच्या मेव्हण्याची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याला नदीवरच्या पुलाचं कंत्राट मिळालं. पूल अलीकडच्या काठावरून निघाला, मध्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पैसे मात्र पार पलीकडे पोचले. पुलाचं उद्घाटन दोनदा झालं. मग एका न्यायाधीशानं, जो निवृत्तीला आला होता आणि ज्याला कुणाचं भय उरलं नव्हतं, मेव्हण्याला चांगली लांबलचक शिक्षा ठोठावली. त्यातली जेमतेम सुरुवात झाली होती.

बिस्किट चहात बुडवता बुडवता सल्लागारानं हळूहळू सगळंच सांगून टाकलं. त्याला कदाचित बरेच दिवस कुणाला तरी सांगायचंच होतं. एक म्हणजे वहिनीसाहेब, मेव्हण्यांची थोरली बहीण. राष्ट्राध्यक्षांशी त्यांनी अबोला धरला होता आणि मीठ हवं असलं तरी नोकरामार्फत मागत होत्या. दुसरं म्हणजे मेव्हणेसाहेबांना तुरुंगात आठवणी लिहायची हुक्की आली होती.

"कसल्या आठवणी?" बाईंनी विचारलं.

"मागच्या निवडणुकीच्या."

"अरे देवा. आणि तिसरं?"

"तिसरं म्हणजे नदीकाठचा सगळा भाग त्यांच्या शब्दाबाहेर नाही. ते आत असले तर तिथले कार्यकर्ते यंदा हातपाय हलवणार नाहीत."

"म्हणजे यात दया अशी कुठेच नाही."

"आहे की," सल्लागार जरा दुखावून म्हणाला. "त्या चौघांवर आहे ना."

संध्याकाळी बाई घरी बटाटे सोलत बसल्या होत्या ते हात आपटतच. त्यांच्या यजमानांचं खाली चष्म्यांचं दुकान होतं आणि वर घर. दुकान बंद करून ते वर आले की दोघं मिळून स्वयंपाक करत. घरात तिसरा माणूस होता तो बाईंचा धाकटा भाऊ. चार दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्याच्या डोक्यात सतत एखादा धंदा घोळत असे, आणि धंदा सुरू होईपर्यंत तो मागच्या खोलीत राहत असे.

बाईंनी सगळी हकिगत सांगितली. धाकटा म्हणाला, "काही म्हण ताई, राष्ट्राध्यक्षांनी नातं जपलं. नाहीतर काही लोक मेव्हण्याला दुसऱ्यांदा वाढायलाही कां-कूं करतात."

यजमानांनी न सोललेल्या बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"माझा जीव कशात अडकलाय सांगू?" बाई म्हणाल्या. "माझी माणसं खरंच चांगली आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी लिहितेय. आणि आता ती सुटणार ती त्या पुलवाल्याच्या अंगावर घालायची शाल म्हणून. मला नाही म्हणावंसं वाटतंय."

"नाही म्हणालीस तर मेव्हणा आतच राहील?" यजमानांनी विचारलं.

"छे. ते दुसरीकडून चार म्हाताऱ्या गोळा करतील."

"मग मेव्हणा सुटणार हे ठरल्यातच जमा आहे." यजमानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. गिऱ्हाइकाला काच बदलायची आहे हे सांगताना ते असंच करत. "तुझ्या हातात एवढंच आहे की त्याच्याबरोबर कितीजण सुटणार. चारच का?"

बाईंच्या हातातली सुरी थांबली. मग त्या हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. धाकट्याला वाटलं, आपण मघाशी काहीतरी विनोदी बोललो.

दुसऱ्या दिवशी बाई जिना चढून वर गेल्या. सल्लागाराच्या खोलीत नकाशे होते, नकाशांवर रंगीत टाचण्या होत्या, आणि प्रत्येक टाचणीखाली किती मतं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"चार माणसांत तुमचे मेव्हणे लपणार नाहीत," बाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. एक म्हातारी, एक आई, दोन गरीब माणसं, आणि मध्ये हे. फोटो बघणारा पहिलं काय विचारेल?"

"की हे यात कसे?"

"बरोबर. आता साठ-सत्तर माणसं आहेत, चार ओळींत उभी. त्यात हे तिसऱ्या ओळीत. आता?"

सल्लागारानं पहिला फोन खाली ठेवला. मग दुसराही ठेवला. बाईंकडे त्यानं पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"शोधावे लागतील," तो म्हणाला.

"शोधणारा शोधेलच. पण बाकीचे म्हणतील, राष्ट्राध्यक्षांचं मन मोठं आहे. चार माणसं सोडणं म्हणजे कंजूषपणा दिसतो."

सल्लागार उठून नकाशापुढे गेला आणि टाचण्यांशी पुटपुटू लागला. बाई चहा मागवून शांत बसल्या. दुपारपर्यंत त्यानं राष्ट्राध्यक्षांना 'सामूहिक दया' अशी आपल्याला सुचलेली कल्पना सांगितली होती आणि शाबासकी मिळवली होती. बाईंनी ते श्रेय त्याला खुशाल घेऊ दिलं.

पुढचे दिवस बाईंना लग्नघरातल्यासारखे गेले. कपाटं उघडी, टेबल भरलेलं, चहा निवलेला. लष्करातून पळून आलेल्या नातवाला कोठीत लपवणारी आजी होती. भांडण सोडवायला गेलेला आणि पोलीस आले तेव्हा एकटाच जागेवर सापडलेला न्हावी होता. सरकारी दवाखान्यातली एक नर्स होती. औषधांच्या खोलीची किल्ली घेऊन कोठीवाला गावाला गेला होता, इकडे वॉर्डात एक पोर तापानं फणफणत होतं, आणि तिनं कुलूप फोडलं. पोर वाचलं, नर्स घरफोडीच्या कलमाखाली आत गेली. अशी एकेक माणसं बाई वर पाठवत होत्या आणि ती वरून होकार घेऊन खाली येत होती. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. बाई घरी जाताना गुणगुणायला लागल्या, तेव्हा फाटकावरचे पहारेकरी एकमेकांकडे बघत राहिले.

सल्लागारानं आपल्या मनानं त्यात एकच माणूस घातला, पण तो बाईंच्याच कपाटातला होता. तो म्हणजे ड्रायव्हर.

शहराबाहेरच्या टेकडीवर मोठी वस्ती होती. तिथली बस तोट्यात जाते म्हणून बंद झाली. वस्तीतल्या बायका शहरातल्या दवाखान्यांत आणि हॉटेलांत साफसफाईला जात. त्यांना अंधारात चालत उतरावं लागायला लागलं. ड्रायव्हर तिथलाच राहणारा. तो पहाटे आगारातून बस काढायचा, टेकडीवर जायचा, बायकांना उतरवून आणायचा आणि मग आपल्या ठरलेल्या मार्गाला लागायचा. महिनोन्‌महिने हे चाललं. एकदा तपासनिसांनी रस्त्यात हात केला, तर बायकांना उशीर होईल म्हणून त्यानं बस थांबवलीच नाही. सरकारी वाहन पळवल्याबद्दल आणि प्रवाशांना ओलीस ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. प्रवासी कोर्टात ओरडून सांगत होते की आम्ही तिकीट काढून बसलो होतो.

टेकडीवर भरपूर मतं होती, आणि नकाशावर तिथे लाल टाचणी होती. सल्लागाराला फोटोत पुढच्या ओळीत, राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताला ड्रायव्हर हवा होता.

सगळं जमत आलं आणि तुरुंगातून निरोप आला: ड्रायव्हर माफी घ्यायला तयार नाही.

सल्लागार धापा टाकत खाली आला. "असं कसं? माफी कुणी नाकारतं का?"

"नाकारता येते," बाई म्हणाल्या. "घेणाऱ्याला सही करावी लागते."

"तो नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणतील, मग साठ चोर कशाला सोडायचे? तुम्ही जा, समजूत काढा."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच तुरुंगात गेल्या. भेटीची खोली खांद्याएवढ्या उंचीपर्यंत हिरवी आणि वर पांढरी होती. बाक जमिनीला खिळवलेले होते. बाई वाट बघत असताना बाहेरच्या बोळातून आवाज आला, "पों, पों." मग जेवणाची ढकलगाडी घेऊन एक मिशाळ, रुंद खांद्यांचा माणूस वळणावर दिसला. वळण आलं की तो तोंडानं हॉर्न वाजवायचा, आणि पहारेकरी मुकाट भिंतीला टेकून वाट द्यायचे. गाडी त्यानं दाराशी अगदी सरळ लावली, चाकाला पायानं अडसर सरकवला आणि आत आला.

"तुम्ही माफी नको म्हणालात," बाई म्हणाल्या.

"हो. माफी चुकलेल्या माणसाला असते. मी चुकलो कुठे?"

"कायद्यानं तुम्ही बस पळवलीत."

"पळवलेली बस रोज वेळेवर आगारात यायची, बाई. तिकिटांचे पैसे जमा व्हायचे. आणि ओलीस म्हणाल, तर त्या ओलिसांनी मला स्वेटर विणून पाठवलाय." त्यानं शर्टाची कॉलर बाजूला करून आतली निळी लोकर दाखवली. "ते एक. दुसरं म्हणजे, आत सगळ्यांना कळलंय, तो पुलवाला सुटणार, आणि मी त्याच्याबरोबर फोटोत उभं राहायचं. त्याच्या मिरवणुकीत मला घोडा करताय तुम्ही."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच आहे."

ड्रायव्हरनं भुवया उंचावल्या. त्याची तयारी भांडणाची होती. तो बाकावर बसला.

बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. वहिनीसाहेबांचा अबोला, मेव्हण्याच्या आठवणी, नदीकाठचे कार्यकर्ते, लाल टाचणी. "मेव्हणा सुटायचा राहणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर ते त्याला पुढे कधीतरी मागच्या दारानं काढतील. पण आजी राहील. नर्स राहील. आणि तुमच्याच बराकीतला तो न्हावी राहील."

"तोही आहे त्यात?" ड्रायव्हरचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तो गेला तर माझी दाढी कोण करणार?"

"तुम्हीही बाहेर आलात तर तोच."

ड्रायव्हर मिशीवरून हात फिरवत बसला. बोळातल्या ढकलगाडीवर आमटीची वाफ निघत होती आणि कुणीतरी लांबून जेवणाची हाकाटी करत होतं. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे त्यांचं माझ्यावाचून अडलंय," तो म्हणाला.

"चांगलंच अडलंय."

"मला सही करायला सांगताहेत ती माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी."

"अगदी बरोबर."

"मग त्यांना म्हणावं, मला टेकडीची बस हवी. रोजची, पहाटेची. आधी ती सुरू करा, मग मी उभा राहतो. म्हणाल त्याच्या शेजारी उभा राहतो."

बाई परत येईपर्यंत सल्लागारानं खोलीत येरझारा घालून घालून सतरंजीला सुरकुत्या पाडल्या होत्या.

"अट? कैदी अट घालतो? काय हवंय त्याला?"

"टेकडीला बस."

"बस?"

"बस."

"एवढंच?" सल्लागार मटकन खुर्चीत बसला. "मला वाटलं, जमीन मागतोय." मग तो नकाशाकडे वळला, आणि लाल टाचणीकडे बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. निवडणुकीच्या तोंडावर टेकडीला बस. संध्याकाळपर्यंत ही कल्पनाही त्यालाच सुचली होती.

बस सुरू झाल्याची खात्री ड्रायव्हरनं बायकोला विचारून करून घेतली. तिनं भेटीत सांगितलं की बस येते, नवी आहे, पण चढावर कण्हते. मगच त्यानं सही केली.

समारंभ राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतल्या मोठ्या दालनात झाला. सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून आत आलं होतं. सुटलेली माणसं चार ओळींत उभी होती, घरच्यांनी आणलेल्या कपड्यांत. बहुतेकांना कपडे सैल झाले होते. आजीला खुर्ची दिली होती आणि ती कुणीही जवळ आलं की त्याचा हात धरून "तू कुणाचा रे?" विचारत होती. नर्स तिच्यामागे उभी होती. मेव्हणेसाहेबांना तिसऱ्या ओळीत उभं केलं होतं, पण ते तिथे राहीनात. त्यांनी नवा करडा सूट घातला होता आणि तो मागे वाया जात होता. भाषण सुरू झालं तेव्हा ते दुसऱ्या ओळीत होते, आणि संपलं तेव्हा पहिल्या ओळीत, ड्रायव्हरच्या अगदी खांद्याला खांदा लावून. सल्लागार खांबाआडून त्यांना हातवारे करत होता. मेव्हण्यांना वाटलं तो शुभेच्छा देतोय. त्यांनीही हात हलवला.

माफीबाई दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. साठ माणसं त्या एकदम पहिल्यांदाच बघत होत्या. कपाटात ती सगळी सपाट होती. इथे ती खोकत होती, कुजबुजत होती, बायकामुलांना खुणा करत होती.

राष्ट्राध्यक्ष दयेवर बराच वेळ आणि छान बोलले. मग ध्वनिक्षेपक ड्रायव्हरपुढे आला. दोन शब्द बोलायचे, हे ठरलेलं होतं. कोणते, ते सल्लागारानं त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

ड्रायव्हरनं घसा साफ केला. "राष्ट्राध्यक्षांचे आभार," तो म्हणाला. इथपर्यंत पाठ केलेलं होतं. "पण खरं सांगायचं तर आभार मानायला हवेत ते यांचे." त्यानं मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही सगळे कधीपासून आत होतो. अर्ज करत होतो, कुणी बघत नव्हतं. मग हे आत आले. हे आत आले म्हणून आम्ही बाहेर आलो. मोठ्या घरच्या माणसांनी अधूनमधून असा त्रास घेतला, तर आमच्यासारख्यांची फार सोय होईल."

राष्ट्राध्यक्षांचं हसू चेहऱ्यावर होतं तिथेच थिजलं. आणि मेव्हणेसाहेब, ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून धन्यवाद दिले होते, ते ध्वनिक्षेपकाकडे झुकले आणि नम्रपणे म्हणाले, "मी काही फार केलं नाही. माझ्याकडून जे झालं ते केलं."

पहिल्यांदा हसल्या त्या वहिनीसाहेब. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, पण खांदे आवरेनात. मग आजी हसली, काही न कळता, मग साठ माणसं हसली, मग वार्ताहर, आणि शेवटी दाराशी उभ्या माफीबाई भिंतीचा आधार घेऊन हसू लागल्या. राष्ट्राध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. किती दिवसांनी ती त्यांच्या शेजारी हसत होती. त्यांनी मान खाली घातली, आणि जवळच्यांनी नंतर शपथेवर सांगितलं की तेही थोडं हसले.

माफी एकदा दिली की परत घेता येत नाही, त्यामुळे कुणाचं काही वाकडं झालं नाही. निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष काठावर निवडून आले. टेकडीवरच्या लोकांनी मात्र नव्या बसनं मतदानाला जाऊन एकजुटीनं विरोधी उमेदवाराला मतं दिली. सल्लागाराच्या हे फार जिव्हारी लागलं. त्याची बदली मासेमारी खात्यात झाली होती. जाण्याआधी तो मुद्दाम ड्रायव्हरला भेटायला टेकडीवर गेला. "माणूस दिला, बस दिली, तरी?" त्यानं विचारलं. ड्रायव्हरनं त्याला आत बसवून जेवू घातलं आणि म्हणाला, "बस आमचीच होती, साहेब. घेतलेली परत केलीत, म्हणून मत कसं मागता?"

मेव्हण्याचं काय झालं हे बाईंना सगळे विचारत. तो सुटला होता, हे काही बदलणार नव्हतं, आणि अर्धा पूल नदीत तसाच उभा होता. तेवढा खडा बाईंच्या दाताखाली राहिलाच. पण मेव्हण्यालाही सुख लागलं नाही. कैद्यांचे नातेवाईक त्याला रस्त्यात गाठून अदबीनं विचारत, "साहेब, पुन्हा कधी जाताय? आमचा भाऊ अजून आत आहे." सुरुवातीला तो खूश व्हायचा. मग एकदा कुणीतरी त्याला समजावून सांगितलं, तेव्हापासून तो घराबाहेर पडेनासा झाला. घरात बसून तरी आठवणी लिहाव्यात, तर त्याची ताई, म्हणजे वहिनीसाहेब, वहीच लपवून ठेवायच्या.

बाईंच्या खोलीत आता चहा प्यायलाही जागा नव्हती, इतके अर्ज येत होते. एका सुट्टीच्या सकाळी त्या यजमानांना घेऊन टेकडीच्या बसमध्ये बसल्या. ड्रायव्हरच्या बायकोनं जेवायला बोलावलं होतं. शिक्षा झालेल्या माणसाला आगार पुन्हा कामावर घेत नाही. तरी ड्रायव्हर रोज पहाटे पहिल्या बाकावर तिकीट काढून बसायचा आणि गिअर कधी बदलायचा ते सांगायचा. आज तो पाहुण्यांना घ्यायला खाली आला होता आणि तेच करत होता. बस चालवणारी तरुण मुलगी शेवटी म्हणाली, "काका, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर मला चालवू द्या." तो एक वळणभर गप्प बसला.

मधल्या थांब्यावर नर्स चढली. वस्तीत छोटा दवाखाना निघाला होता, तिथे ती कामाला लागली होती. बाईंना बघताच ती शेजारी येऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"बाई, एक विचारू? माझा अर्ज तुम्हीच वाचला होता ना? मला नक्की कशासाठी माफी मिळाली?"

बाईंना चांगलं काहीतरी सांगता आलं असतं. "मेव्हण्यासाठी," त्या म्हणाल्या.

"तसं नाही. खरं सांगा."

"खरंच सांगतेय. तुझ्याबद्दल मी आधी तीनदा लिहिलं होतं. जे लिहिलं ते अक्षर न्‌ अक्षर खरं होतं, आणि कुणी वाचलं नाही."

नर्सनं ओठ दाबले. बाईंना वाटलं, ही आता रडणार. पण ती हसली, मान हलवत हलवत हसली, आणि म्हणाली, "म्हणजे वॉर्डातलं ते पोर जगलं ते कुलूप फोडल्यामुळे, आणि मी सुटले ते पूल अर्धा राहिल्यामुळे."

"असंच काहीसं."

"तुम्ही लिहिलेलं ते मला वाचायला मिळेल का? तीनही वेळचं?"

"उद्या ये," बाई म्हणाल्या. "चहाला ये."

बस चढाला लागली आणि कण्हायला लागली. पुढच्या बाकावरून ड्रायव्हरनं काही बोलण्याआधीच त्या मुलीनं गिअर बदलला.